वैरणीतल्या शेवया

शालूच्या लग्नाच्या शेवया ज्या दिवशी धरायच्या होत्या, त्या सकाळी निकमांच्या घरातली तुरटी संपली.

संपली म्हणजे सुलाबाईंनी संपवली. पहाटे उठून त्यांनी तुरटीच्या पाण्यात हात बुडवले, पुसले, पुन्हा बुडवले. मग राख चोळली. मग तांदळाचं पीठ चोळलं. शेवटी देवापुढं उभं राहून नवस बोलल्या, आणि नवस पुरा व्हायच्या आत जोडलेल्या तळव्यांना घाम फुटला. वैशाख होता हे खरं, पण सुलाबाईंच्या तळव्यांना ऋतू नव्हता. पौषातसुद्धा त्यांनी वाढलेल्या भाकरीवर बोटांचे ओले ठसे उठत.

घामट हात हा काही गुन्हा नव्हे. घामट हाताच्या बाईनं भाकरी थापावी, धुणं धुवावं, गडीमाणसांवर हात उगारावा. शेवईच्या वाटेला मात्र जाऊ नये. निकमांचा खाचा पाडलेला पाट पुरुषभर लांब होता. तो बाजेला तिरका टेकवायचा, माथ्यावर कणकेचा उंडा ठेवायचा आणि कोरड्या तळव्यांनी दाबत, लांबवत त्याचा धागा खालच्या परातीपर्यंत न्यायचा. लग्नाच्या शेवयांतला पहिला धागा न तुटता परातीत उतरला पाहिजे, तो सवाष्णीनं ओढला पाहिजे, आणि वरमाईनं तो समोर बसून पाहिला पाहिजे, असा माळसोंडीच्या पंचक्रोशीतला रिवाज होता. धागा तुटला म्हणून सोयरीक मोडल्याच्या दोन गोष्टी गावात सांगत. न मोडलेल्या घरांची गत त्याहून वाईट असे. तिथं पुढं जन्मभर दूध उतू गेलं तरी ‘शेवई तुटली तवाच आमी वळखलं’ हे ऐकावं लागे.

पाट मनुबाईंचा, म्हणजे सुलाबाईंच्या सासूचा. त्यांच्या हातच्या शेवया एकेकाळी पाटणपर्यंत जात. नवरा गेल्यापासून मात्र त्यांनी पाटाला बोट लावलं नव्हतं, कारण विधवेचा हात लग्नाच्या कणकेला लागत नाही. त्या घोंगडीवर बसून नुसत्या बघत आणि बोलत. बोललेलं चालत होतं.

सुलाबाई मागच्या पडवीत आल्या. तिथं त्यांची धाकटी जाऊ चंद्रा उंडा तिंबत होती.

“घट्ट झालाय का गं?”

“झालाय आक्का.”

“न्हेमीसारखंच करायचं बग. पयला धागा म्या कसाबसा काडते. इहीणबाई पाट पुजून जेवाया बसल्या की पाट वैरणीच्या खोलीत. तू मागनं वढ. सांजच्याला काठ्यांवर घालून सोप्यात आणू.”

“आन् पयला धागा तुटला तर?”

“तोंडातनं चांगलं काड की जरा.”

“चांगलंच काडतीया. तुटला तर कुनावर घालायचा, येवढंच इचारून ठेवते.”

सुलाबाईंनी हात पदराला पुसले. चंद्राकडून हल्ली असली बोलणी येऊ लागली होती. नवरा घरी आल्यापासून येऊ लागली होती, असं सुलाबाईंचं मत होतं, आणि ते खरंही होतं.

ही वैरणीच्या खोलीची तऱ्हा लढाईच्या दिवसांतली. त्या साली दिवाळीच्या तोंडावर तार आली की हवालदार हंबीरराव निकम इटलीत बेपत्ता आहेत. मेले असं तारेत नव्हतं आणि जिवंत आहेत असंही नव्हतं, त्यामुळं त्यांच्या बायकोचं, तोवर पाटावर बसणाऱ्या चंद्राचं, करायचं काय हा घरापुढं पेच पडला. कुंकू पुसावं तर घाई होते, शुभाला बसवावं तर धोका होतो. लालासाहेबांनी, म्हणजे सुलाबाईंच्या नवऱ्यानं, चंद्राच्या थोरल्या दिरांनी, तोड काढली. ते मराठी सातवी पास होते आणि पाटणच्या कचेरीत त्यांची ऊठबस होती, त्यामुळं सरकारी शब्द त्यांच्या तोंडी आपसूक येत. “तूर्त चंद्रानं शुभाच्या शेवयांना हात लावू नये,” ते म्हणाले. “तूर्त.”

मग लग्नसराई आली. गावोगावची माणसं सपिटाची गठुडी घेऊन निकमांच्या दारात उभी राहिली. त्यांना नाही म्हणावं तर घराण्याचं नाव जातं, आणि हो म्हणावं तर सुलाबाईंच्या हाताला घाम येतो. त्या वेळी मनुबाईंनीच वैरणीच्या खोलीचा शोध लावला. शुभ-अशुभ काय ते सोप्यात. कडब्याच्या पेंढ्यांत कोण बघायला येतं? सुलाबाई पुढं बसून दोनचार धागे तोडत, बायका जेवायला पांगल्या की पाट मागं जाई, आणि दिवस मावळता सोपा भरून शेवया लोंबत. ज्या बाईचा हात लावायचा नाही तिच्याच हाताच्या शेवया खाऊन त्या वर्षी अर्ध्या तालुक्याची लग्नं लागली.

पुढच्या नागपंचमीला पत्र आलं की हंबीरराव जिवंत आहेत. घरानं पेढे वाटले. हंबीरराव जिवंत झाले, पण ते ‘तूर्त’ काही मेलं नाही. कुणी ते मागं घेतलं नाही, आणि सुलाबाईंना तर ते मानवलंच होतं. यंदा फाल्गुनात हंबीरराव स्वतः लंगडत दारात उभे राहिले, तरी पाट दुपारचा वैरणीतच जात होता.

त्यांना स्वतःला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लढाईवरून त्यांनी तीन वस्तू आणल्या होत्या: एक अधू पाय, एक लोकरीचं कांबळं आणि एक लाकडी चौकट. चौकटीवर बारीक तारा शेजारी शेजारी ताणून बसवल्या होत्या. लालासाहेबांनी ती पाहताक्षणी सोप्यात खुंटीला टांगली आणि येईल त्याला सांगितलं की इटलीच्या सरकारनं हे वाद्य आमच्या हंबीरला बहाल केलं. भजनी मंडळानं ते एकादशीला मागून नेलं. त्यावर गौळण काही वाजली नाही, पण साहेबाच्या मुलखातलं वाद्य म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. हंबीरराव प्रत्येकाला सांगत, गड्यांनो, ह्यावर शेवया पाडत्यात. लालासाहेबांना तो भावाचा विनय वाटे.

खरं तर ते त्यांनी बायकोसाठी आणलं होतं. तिनं पाहिलं, ‘बरं हाय’ म्हणाली आणि चुलीकडं वळली. ते त्यांना लागलं होतं.

“दादा,” त्या सकाळी चौकट खुंटीवरून काढून पुसत ते म्हणाले, “आज इहीणबाईस्नी ह्याच्यावरच्या शेवया घालू. टंबाटी, लसूण, वाईच मिरची. पानी उकळंस्तोवर तयार. एकदम आसान काम.”

“खारट शेवई?” लालासाहेबांनी धोतराचा सोगा सावरला. “लग्नघरात? आणि वर टोमॅटो? हंबीर, शिराळ्याकडची माणसं आहेत ती. टोमॅटो दिसला तर मांसाहार समजतील.”

“मांसाहार तर ती लय खात्यात.”

“मुद्दा तो नाही,” लालासाहेब म्हणाले. मुद्दा कोणता ते सांगायच्या आत दारात बैलगाडी येऊन थांबली.

वरमाई रंगुबाई गाडीतून उतरल्या त्याच मुळी घराचं जोतं, गोठ्यातली जनावरं आणि अंगणातला शेणसडा नजरेनं मोजत. बाई रोखठोक होत्या. देवधर्म त्यांना मान्य होता, पण देवानं काय दिलं हे विचारल्याशिवाय त्या कुठल्या देवाला दुसरा नारळ फोडत नसत. गूळपाणी झालं, पाट बाजेला टेकवला गेला, मनुबाई घोंगडीवर येऊन बसल्या. रंगुबाईंनी पाटाला हळदकुंकू लावलं आणि तिथंच मांडी घातली.

“इहीणबाई,” त्या सुलाबाईंना म्हणाल्या, “आमच्या थोरल्याच्या, जोतिबाच्या लग्नात हितल्याच शेवया हुत्या. तुमच्या गावच्या हरिबानं लेकीच्या रुखवतात दिल्या त्या. आटवतंय का?”

“न आटवाया काय झालं,” सुलाबाई म्हणाल्या. त्यांना चांगलंच आठवत होतं. त्या शेवया तारेच्या वर्षातल्या होत्या.

“त्या शेवया खाल्ल्या आन् वरीस फिरायच्या आत जुळी झाली. दोनी ल्योकच. आमच्या भावकीत आजवर कुनाला जुळं न्हाई. मी तवाच ठरिवलं, धाकट्या अर्जुनाची बायकू त्याच घरातली करायची. शालू गोरी हाय का काळी, ते मी इचारलं न्हाई. इचारलं का, इवाई?”

“नाही, नाही,” लालासाहेब अभिमानानं म्हणाले.

“तर मला तोच हात पायजे. ज्या हातानं ती शेवई वढली, त्याच हातानं आज पयला धागा. आन् म्या काय जेवाया उठत न्हाई. सगळा पाट हुईस्तोवर हितंच बसनार.” एवढं बोलून त्यांनी पदर खोचला. “आनि एक. कुना अशुभ बाईचा हात तर न्हाई ना लागत? आमच्यात लय बगत्यात.”

“छे, छे,” मनुबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नजर कडब्याच्या खोलीकडं जाऊ दिली नाही.

सुलाबाई पाटामागं बसल्या. समोर लेकीचं लग्न होतं आणि तळव्यांत पाणी. त्यांनी उंडा दाबला. धागा वीतभर आला आणि तुटला.

“उंडा सैल हाय,” त्या म्हणाल्या.

दुसरा पाटाच्या मध्यापर्यंत आला. तिथं तो सुलाबाईंच्या बोटालाच चिकटून बसला.

“वारं सुटलंय.”

अंगणातल्या शेवग्याचं पान हलत नव्हतं. तिसरा धागा निघालाच नाही. तळव्याखाली नुसता चिखल झाला. “चंद्रानं नीट तिंबलं न्हाई,” सुलाबाई म्हणाल्या. खांबाआड उभ्या असलेल्या चंद्रानं ते ऐकलं.

“तवा न्हवता तुटला,” रंगुबाई म्हणाल्या. “तवा ह्या हातभर लांब शेवया हुत्या. काय वो इहीणबाई, हात त्योच हाय न्हवं?”

हंबीररावांना वहिनीची ती अवस्था बघवेना. फौजेत मदत मागेपर्यंत थांबायचं नसतं, हे ते शिकले होते. त्यांनी चौकट उचलून मध्ये आणली. “वैनी, उठा. घाबरू नगा.” उंड्यातला गोळा घेऊन त्यांनी पोळी लाटली, ती तारांवर पसरली आणि वरून लाटणं दाबून फिरवलं. तारा झणझणल्या आणि खाली शेवया सुळसुळत पडल्या, एकसारख्या, सरळ.

रंगुबाई गुडघ्यावर पुढं झाल्या. “आगं बया. लय झ्याक की.” सुलाबाईंच्या जिवात जीव आला. लालासाहेबांनी घसा साफ केला.

“युरोप खंडात,” ते म्हणाले, “यंत्राची फार प्रगती आहे. आपण जुन्याला धरून बसतो. शालूचं लग्न नव्या पद्धतीनं व्हावं अशी माझी पहिल्यापासून—”

“थांबा,” रंगुबाई म्हणाल्या. त्यांनी तारेला बोट लावून पाहिलं होतं. “ही तार कापतीया.”

“व्हय, मंग?” हंबीरराव म्हणाले.

“शेवई वढायची आसती. कापायची नसती. आमी शिराळ्याची मानसं पंचमीला साधी भाजी चिरत न्हाई, आन् तुमी लग्नाची शेवई चिरताय? आशी कापलेली घास-घास खायाची, मग पोरापोरीचा संसार सलग कसा ऱ्हायाचा?”

“मी तेच म्हणतोय,” लालासाहेब म्हणाले. “युरोप खंडात काय वाट्टेल ते चालतं.”

“मला ह्या घरात काय समजंना झालंय,” रंगुबाई उठल्या. “हात दाखवा म्हटलं तर धागा तुटतुया, आन् तुटला की यंत्र काडताय. ज्या हातापायी आले त्यो हातच हितं नसंल, तर मी कशापायी आले? गाडी जुपाया सांगा.”

आतल्या दाराशी शालू उभी होती. अर्जुनाला तिनं एकदाच पाहिलं होतं, शिराळ्याच्या पंचमीच्या गर्दीत. कुणाचं तरी हरवलेलं पोर खांद्यावर घेऊन तो त्याच्या आईला हुडकत फिरत होता. तेवढ्यावर तिनं मनात सगळं ठरवून टाकलं होतं. आता ते सगळं बैलगाडीत बसून निघालं होतं, आणि घरातली मोठी माणसं एकमेकांची तोंडं बघत होती. तिला रडू फुटलं आणि रडता रडता ती मोठ्यानं बोलून गेली.

“काकी, तू बस की गं. सगळं तूच तर करतीस.”

“गप बस कार्टे,” सुलाबाई म्हणाल्या.

“सगळं म्हंजे?” रंगुबाईंनी उंबऱ्यावर पाय थांबवला.

आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि हे सगळ्यांत आधी मनुबाईंना कळलं. नातीचं लग्न वाचवायचं तर पडदा आपणच ओढलेला बरा. “चंद्रा,” त्या म्हणाल्या, “बस पाटावर.”

चंद्रा खांबापासून हलली नाही. “कुठं बसू आत्याबाई? हितं, का वैरणीत?”

“वैरणीत म्हंजे?” हंबीररावांनी विचारलं.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. इतके दिवस ती हे त्यांना सांगणार होती. पण आल्या आल्या घरच्यांच्या चुगल्या सांगणारी बायको तिला व्हायचं नव्हतं, आणि मग सांगायची वेळ निघून गेली होती. “तुमची तार आली तवापस्नं सोप्यातल्या पाटाला माजा हात चालत न्हाई. वैरणीच्या खोलीत चालतुया. म्या तितं वढायच्या आन् आक्कांनी हितं मिरवायच्या.”

“पर मी जित्ता हाय म्हनून पत्तर आलं की.”

“आलं. पेढं वाटलं. त्याच्यामागं आनिक एक पंचमी गेली.”

“आन् मी आल्यावर?”

“परवाच्या दिशीबी वैरणीतच बसले हुते.”

हंबीरराव भावाकडं वळले. “दादा, मला मेल्यात धरलंत व्हय?”

“मेल्यात नव्हे रे,” लालासाहेब म्हणाले. “गैरसमज करून घेऊ नकोस. ती एक तूर्त व्यवस्था होती.”

परक्या मुलखात, बर्फाच्या दिवसांत, एका गोठ्यात गवताखाली पडून असताना हंबीररावांनी रोज एकच चित्र डोळ्यांपुढं आणलं होतं: सोप्यात उन्हाची तिरीप आलीय आणि चंद्रा पाटावर शेवई ओढतीय. त्यावर त्यांनी तो हिवाळा काढला होता. इकडं त्याच वेळी तिला गवतात बसवलं होतं. त्यांना भावाचा राग आला आणि स्वतःची त्याहून जास्त लाज वाटली. फाल्गुनापासून ते घरात होते आणि तू कशी होतीस, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. चौकट तेवढी दाखवली होती.

रंगुबाई मात्र हिशोबात गुंतल्या होत्या. “दम खावा जरा. जोतिबाच्या लग्नाच्या शेवया वैरणीतल्या?”

“व्हय,” चंद्रा म्हणाली.

“तुज्या हातच्या? नवरा बेपत्ता आसताना?”

“व्हय.”

रंगुबाईंपुढं दोनच वाटा होत्या. तो हात अशुभ म्हणावा, तर घरी अंगणात रांगणाऱ्या दोन नातवांचं काय म्हणायचं? जुळ्या नातवांना अपशकुन ठरवील अशी आजी सातारा जिल्ह्यात अजून जन्मायची होती. त्या परत आल्या आणि आपल्या जागी मांडी घालून बसल्या.

“आवं, हिचा नवरा जित्ता हुता की,” त्या म्हणाल्या. “मग हिचं सवाष्णपन गेलं कवा? तुमास्नी ठावं नव्हतं, देवाला ठावं हुतं. त्येनं बरूबर वळखलं, आन् जुळी धाडली. आंधळी झाला तुमी. बस गं पोरी, हितंच बस.”

“तत्त्वतः आमचंही हेच मत होतं,” लालासाहेब म्हणाले. त्यांच्याकडं कुणी पाहिलं नाही.

तरी चंद्रा बसली नाही. “पयलं आक्कांनी सांगावं.”

सुलाबाई पाटाशी तशाच बसून होत्या. त्यांना वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. मग दाराशी उभी असलेली लेक दिसली. “हिच्याच,” त्या म्हणाल्या. “हरिबाकडच्याबी आन् बाकीच्याबी. माज्या हातानं एक धड निघाली न्हाई आजपातूर.” बोलून झाल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं, याचं त्यांनाच नवल वाटलं. तळवे तसेच ओले होते, पण आता ते पदराखाली धरायचं कारण नव्हतं. त्या उठल्या आणि जागा मोकळी केली.

चंद्राबाई बसल्या. त्यांनी उंडा माथ्यावर ठेवला, तळव्याखाली दाबला आणि खाली नेऊ लागल्या. धागा खाचांवरून उतरत गेला, बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि न तुटता परातीत जाऊन वेटोळं घालून बसला. शालूचं रडू थांबलं. रंगुबाईंनी चंद्राबाईंच्या कपाळाला बोटभर कुंकू लावलं, आणि दुपार कलेपर्यंत, शब्द दिल्याप्रमाणं, जागच्या हलल्या नाहीत.

पाहुणीची गाडी वेशीबाहेर गेली. सोपा शेवयांनी भरला होता. मनुबाईंनी घोंगडीवरून पाटाकडं बोट केलं.

“चंद्रा, आजपस्नं पाट तुजा. चारचौगांत सांगते.”

घरच्यांच्या मते ह्याच क्षणासाठी चंद्राबाईंनी इतकी वर्षं वैरणीत काढली होती. त्यांनाही काल रात्रीपर्यंत तसंच वाटत होतं. त्यांनी पाट पुसला आणि भिंतीला उभा केला. “नगं आत्याबाई.”

“नगं? आगं, मान हाय त्यो.”

“शालूचं झालं. तिचा काय गुन्हा न्हवता. पर उद्या पुन्यांदा कुनाची तार आली, तर ह्यो पाट पुन्यांदा वैरणीत जानार. मग माज्याजागी दुसरी कोन आसंल, येवढाच फरक.”

हंबीरराव चौकट पुसून पुन्हा खुंटीला लावायला निघाले होते. चंद्राबाईंनी त्यांना थांबवलं.

“आवं, हे कुनी दिलं तुमास्नी?”

फाल्गुनापासून तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं. हंबीरराव चौकट घेऊन खालीच बसले. “डोंगरातली एक म्हातारी. मला गोठ्यात लपिवलं तिनं. रोज ह्याच्यावर शेवया पाडायची, टंबाटी घालून उकळायची. निघताना म्हनाली, न्हे तुज्या बायकूला.”

“तिचा नवरा?”

“आदल्या लढाईत मेलेला. काळ्या कापडातच आसायची कायम.”

“मग गावात लगीन आसलं तर शेवया कोन करायचं?”

“तीच की. समद्या गावाच्या तीच करायची.”

“रांडमुंड बाई?” मनुबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. “आन् लोक खायाचे?”

“खायाचे की आये. मीबी खाल्ल्या, म्हनून जित्ता हाय. कुनाच्या हातच्या ते कोन इचारतंय? भूक लागली का, येवढंच ती इचारायची.”

मनुबाई आपल्या हातांकडं बघत राहिल्या.

“मग आना हिकडं ते,” चंद्राबाई म्हणाल्या.

त्यांनी चौकट घेतली आणि ती सासूच्या घोंगडीपुढं ठेवली. सकाळचा उंडा थोडा उरला होता. त्याची पोळी लाटून तारांवर पसरली. मग लाटणं मनुबाईंच्या हातात दिलं. निकमांच्या पुढच्या पिढ्यांत पावसाळ्यातल्या संध्याकाळी लसूण-टंबाट्याच्या ज्या खारट शेवया वाटेल त्यानं केल्या आणि वाटेल त्यानं ओरपल्या, त्यांची पहिली पोळी ती.

“मी?” मनुबाईंनी लाटणं खाली ठेवलं. “आगं, माजा हात कसा चालंल? कळतं का तुला काय?”

“ह्या शुभाच्या न्हाईत आत्याबाई. खायाच्या हायत.”

सुलाबाई चुलीवर आधण ठेवायला गेल्या. मनुबाईंनी आधी एका बोटानं कणीक दाबून पाहिली. ती कशी लागते हे त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी लाटणं उचललं, तारांवर टेकवलं आणि फिरवलं. हाताला तारांची सवय नव्हती, त्यामुळं काही शेवया अर्ध्याच पडल्या.

“तुटत्यात गं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

“तुटू द्यात,” चंद्राबाई म्हणाल्या. “तुटलेल्याबी शिजत्यात.”